कोऱ्या पाठीचे बोर्ड

वास दारातच भेटायचा. कुलूप काढून आत पाऊल टाकलं की सडक्या अंड्याची झुळूक नाकात शिरायची, आणि चपला काढून, पिशवी ठेवून, पेलाभर पाणी पिईपर्यंत नाहीशी व्हायची. नाहीशी व्हायची म्हणजे नाक सरावायचं, एवढंच. घरात दिवसभर बसून राहणाऱ्याला तो कधी जाणवायचाच नाही.

घरात दिवसभर असायच्या सासूबाई. त्या संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरत आणि तासाभराने परत येत. तोवर सून शाळेतून येऊन स्वयंपाकाला लागलेली असे. दारात पाऊल ठेवताच सासूबाईंना वास येई. सकाळपासून नव्हता, सून आली आणि वास आला. हे गणित त्यांनी एका आठवड्यात सोडवलं आणि पुढे कुणी काहीही सांगितलं तरी उत्तर बदललं नाही.

सुनेला शाळेत सगळे लॅबताई म्हणत. अकरा वर्षं ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. कुठल्या बाटलीत काय आहे ते लेबल न वाचता सांगावं तर तिनेच. मुलं परीक्षानळ्या फोडत, शिकवणाऱ्या बाई ओरडत, आणि लॅबताई झाडू घेऊन येता येता मुलांना हळूच सांगे, "तोंडाची बाजू आपल्याकडे धरायची नसते रे, शहाण्यांनो." पगार बेताचा, मान त्याहून बेताचा, पण त्या खोलीत तिच्याशिवाय पान हलत नसे आणि तेवढं तिला पुरत असे.

घर तसं नवंच. इमारत जुनी होती, पण तिसऱ्या मजल्यावरचा एक मोकळा हॉल घेऊन त्याचं घर केलेलं. चार बाहेरच्या भिंती आणि मधे दोन खांब, एवढंच होतं तिथे. आतल्या खोल्या आणि छत केलं मामांनी.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. जिप्सम बोर्डाच्या भिंती बसवण्याचं कंत्राट घ्यायचे. पत्र्याचा सांगाडा उभा करायचा, त्यावर बोर्ड ठोकायचे, सांधे भरून रंग द्यायचा. विटा नाहीत, वाळू नाही, पाणी मारणं नाही. लॅबताईचा नवरा आठ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, तेव्हापासून त्याच्या शाळेच्या बुटांपासून पहिल्या नोकरीपर्यंत सगळं मामांनी पाहिलं होतं. त्यामुळे या घरात मामांचा शब्द खाली पडत नसे. घर घ्यायचं ठरलं तेव्हा ते छातीवर हात मारून म्हणाले होते, "ताई, तुझ्या घराला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर भाऊ म्हणू नकोस मला." सामान त्यांच्या गोदामातलं, माणसं त्यांची. लिफ्ट बंद होती, तर पन्नाशी उलटलेला हा माणूस स्वतः पाठीवर बोर्ड घेऊन तीन मजले चढला. घामाने डबडबलेले मामा पायरीवर टेकले आणि भाच्याला म्हणाले, "माझ्या राजा, तुझ्या बापाने केलं असतं ते करतोय." त्या वेळी लॅबताईच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

थंडीत ते राहायला आले. उन्हाळा लागला आणि वास सुरू झाला.

आधी मोरी धुऊन झाली. मग बेसिनचा पाइप उघडून झाला. मग सासूबाईंनी फ्रिजमधली एक न् एक वस्तू हुंगून ओट्यावर मांडली. "मी याच वयात दोन खोल्यांत सहा माणसांचं केलं, पण घराला असा वास कधी लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. लॅबताईने दोन रविवार फरशी घासली. पाच वर्षांच्या लेकीचा, चिमीचा, नाकातला घोळणा अधूनमधून फुटायला लागला, तो उष्णतेने असेल असं सगळ्यांनी ठरवलं. सासऱ्यांच्या फोटोची चांदीची फ्रेम काळी पडली, तर सासूबाई म्हणाल्या, "पुसायला हात लागतात."

फ्रेम पुसता पुसता लॅबताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने त्या दिवशी जेवताना नवऱ्याला सांगितलं, "हा कचऱ्याचा वास नाही. गंधकाचा वायू आहे. आमच्या लॅबमध्ये किप्सच्या उपकरणात आम्ही तयार करतो ना, तोच वास. चांदी त्यानेच काळी पडते. घरातच कुठूनतरी येतोय."

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून त्यांना समोरचं वाचायला लावणारा हा माणूस, पण घरातलं काही वाचायची वेळ आली की त्याचे डोळे ताटात. "बघू," तो म्हणाला.

पुढच्याच रविवारी मामा जेवायला आले. वासाचा विषय निघाला. लॅबताईने पुन्हा चांदीचं आणि गंधकाचं सांगितलं. मामांचा घास हातात राहिला. मग ते मोठ्याने हसले.

"अगं, मग सोपं आहे की! तुझ्या लॅबमध्येच तयार होतो म्हणतेस ना? कपड्यांना धरून येत असेल. केसांना येत असेल. आमच्या गोदामातल्या पोरांना नाही का सिमेंटचा वास येत?"

"मामा, ते उपकरण वर्षातून दोन आठवडे काढतो आम्ही."

"माझ्या राजा, वास म्हणजे काय पाहुणा आहे, दोन आठवड्यांनी जायला? मुरतो तो."

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान लॅबताईने त्याआधी पाहिलं नव्हतं. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या.

झालं. तिथून पुढे लॅबताईने शाळेतून आल्यावर बाल्कनीत कपडे बदलायचे, आधी अंघोळ करायची आणि मगच ओट्याला हात लावायचा, असा नियम झाला. तिच्या साड्या वेगळ्या बादलीत. चिमीला तिने आल्या आल्या उचलून घेऊ नये, कारण पोरीचा घोळणा फुटतो तो त्यामुळेच. शेजारीण एकदा दारात नाक मुरडून कसला वास येतोय म्हणाली, तर सासूबाईंनी आवाज न लपवता सांगितलं, "आमच्या सूनबाईंचं कामच तसलं आहे."

चिमी धावत यायची आणि दोन हात लांब थांबायची. आईने अंघोळ केली का, हे विचारायला ती शिकली होती.

नवरा एकदा हळूच म्हणाला, "तू दुसरीकडे बदली मागून बघ ना. नाहीतरी लॅबमध्ये काय ठेवलंय?"

"तुलाही वाटतं माझ्यामुळे आहे?"

"मला काही वाटत नाही गं. घरात रोजची कटकट नको, एवढंच."

वाद घालून ती दमली होती. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती. बसमध्ये ती पदर नाकाशी नेऊन हुंगे. शेजारी कुणी उठून दुसरीकडे बसलं तर ती पदर अंगाभोवती घट्ट आवळून घेई. शेवटी ऑगस्टमध्ये तिने मुख्याध्यापिकांकडे अर्ज दिला आणि ग्रंथालयात गेली. पुस्तकांना पाठीवर नंबर चिकटवायचे, परत आलेली फळीवर लावायची. लॅबमध्ये नवा माणूस घेतला. किल्ल्या त्याच्या हातात देताना लॅबताईने त्याला आम्लाचं कपाट कसं जरा उचलून उघडावं लागतं ते दाखवलं.

घरातला वास होता तिथेच होता. "इतक्या वर्षांचा मुरलाय," सासूबाई म्हणाल्या, "लगेच कसा जाईल?"

मग वस्तू बिघडायला लागल्या. टीव्ही गेला. फ्रिजचा दिवा आपोआप लागायचा आणि विझायचा. वर्ष झालं नव्हतं तर एसी दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा कुणीतरी येऊन गॅस भरून गेलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा नवऱ्याने दुसरा मेकॅनिक पाठवला. साठीचा, बारीक चणीचा, तोंडाची टकळी अखंड चालू असलेला माणूस. त्याने एसीचं झाकण काढलं आणि गप्प झाला.

"वहिनी, याआधी काय केलं होतं याला?"

"गॅस भरला. दोनदा."

"चाळणीत पाणी भरलं म्हणा की." त्याने आतल्या तांब्याच्या नळीवर बोट फिरवलं आणि बोट तिच्यापुढे धरलं. काजळीने काळं झालेलं. "तांबं हिरवं पडतं, लाल पडतं. असं काळं मरत नाही उगाच. भोकं पडलीत याला. एक स्विचबोर्ड उघडू का?"

त्याने भिंतीतला बोर्ड उघडला. आतली अर्थिंगची उघडी तार कोळशासारखी काळी होती. स्वयंपाकघरातला उघडला, तिथेही तेच. मग त्याने भिंतीवर टकटक केलं. "जिप्सम आहे ना? दारात पाऊल ठेवलं तेव्हाच वास आला होता मला. म्हटलं, विचारू कसं." त्याने स्विचच्या चौकटीमागून पात्याने बिस्किटाएवढा तुकडा कापला आणि उलटा केला. "पाठ कोरी. चांगल्या बोर्डाच्या पाठीवर कंपनीचं नाव, नंबर, तारीख, काहीतरी छापलेलं असतं. कोरी पाठ म्हणजे बोर्ड खराबच असं मी म्हणत नाही. पण कोरी पाठ, काळं तांबं आणि हा वास, तिन्ही एका घरात सापडली की माझ्या मते निकाल लागला. बोर्डाच्या आतल्या भुकटीतच गंधक आहे. गरमी वाढली, दमट हवा आली, की सुटतं."

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "अगं बाई! भिंतीतून?" त्या म्हणाल्या.

बस्स. चार महिने ती जे घसा फोडून सांगत होती, ते एका परक्या माणसाने काळं बोट दाखवून दोन मिनिटांत सांगितलं आणि सासूबाईंना पटलं. लॅबताईला हसावं की रडावं ते कळेना.

"तुम्ही असं आधी कुठे पाहिलंत?" तिने विचारलं.

"हे तिसरं घर. पहिलं उन्हाळ्याच्या तोंडाशी पाहिलं. तिथे मालकाने कंत्राटदाराला बोलावून घेतलं, मी त्याच्यापुढेच नळी काढून दाखवली. तो घाबरला बिचारा. उंच माणूस, केस रंगवलेले. सारखा 'माझ्या राजा, माझ्या राजा' करत होता."

सासूबाई झटकन आत निघून गेल्या. लॅबताई स्टुलावर बसली. उन्हाळ्याच्या तोंडाशी म्हणजे मार्च. मामा जेवायला आले होते जूनमध्ये. तिने बोटांवर मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं, जसं काही महिने मधे कुठे लपून बसले असतील.

तरीही ती लगेच काही बोलली नाही. अकरा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती: सांगण्याआधी करून बघावं. तिने तीन बरण्या घेतल्या. एकीत भिंतीचा तुकडा, दुसरीत हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला छापील पाठीचा तुकडा, तिसरी रिकामी. तिन्हींत ओल्या कापसाचा बोळा आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी. झाकणं घट्ट लावून, तारीख टाकून बरण्या बाल्कनीत उन्हाजवळ ठेवल्या. दहाव्या दिवशी पहिल्या बरणीतली पट्टी काळी ठिक्कर होती. बाकीच्या दोन होत्या तशाच.

नवऱ्याने बरण्या पाहिल्या. "मेकॅनिक म्हणाला ते खरंच निघालं की."

"मी म्हणाले होते."

"तू नुसतं म्हणाली होतीस. त्याने दाखवलं," तो म्हणाला. हे आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

मामांना बोलावलं. नेहमीसारखे ते चिमीसाठी खाऊ घेऊन आले. टेबलावरच्या बरण्या पाहून खाऊचा पुडा त्यांच्या हातातच राहिला.

"कुठेतरी पाणी मुरत असेल," ते म्हणाले. "बोर्डाला ओल लागली की असं होतं."

"ओल तिन्ही बरण्यांत आहे, मामा," लॅबताई म्हणाली. "आणि मार्चमध्ये तुम्ही ज्या घरी गेला होतात तिथेही ओल होती का? आमचा एसीवाला तिथे होता."

मामा खुर्चीवर बसले. उंच माणूस एकदम आखूड दिसायला लागला. 

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ताई, तुझी शपथ. माल उतरला तेव्हा मला काही माहीत नव्हतं. बिनशिक्क्याचा लॉट होता, पण सरळ, पांढरा, कापायला मऊ. मी माझ्या घरात नसता का लावला? माझ्याही दोन खोल्यांना तोच होता."

"होता?" सासूबाईंनी विचारलं.

मामांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"एप्रिलमध्ये मी राहायला येते म्हटलं," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "तर तू म्हणालास, येऊ नकोस, रंगकाम काढलंय. महिनाभर. तेव्हा तू रंग नव्हतास देत, बाळ्या. भिंती काढत होतास."

मामांनी खाऊचा पुडा टेबलावर ठेवला.

"तुझ्या भिंती काढल्यास. आणि माझ्या?"

"तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? छातीवर हात मारून केलेलं काम! म्हटलं, एक-दोन वर्षं जाऊ देत, काहीतरी निमित्त काढून बदलून देईन."

"आणि माझे कपडे?" लॅबताईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "मी गंधक म्हणाले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. जेवता जेवता तुम्ही माझ्या अंगावर ढकललंत ते."

"अगं, तोंडातून गेलं. तू अगदी जवळ पोचली होतीस. मी घाबरलो. आणि एवढं सगळं पुढे होईल असं कुठे वाटलं होतं? कपडे धुतले की झालं, असं..."

"माझी लेक माझ्याजवळ येत नव्हती, मामा."

 नवरा खिडकीबाहेर पाहत होता. लॅबताईला वाटलं, आता सासूबाई बोलतील. आत्ताच तर त्यांनी भावाला बरोबर पकडलं होतं. आता एखादा शब्द इकडेही येईल. सासूबाई उठल्या, भावाजवळ गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं गेलं ते झालं," त्या म्हणाल्या. "याने माझा संसार ओढलाय. माझ्या भावाला माझ्याच घरात आरोपी करून उभा करायचा नाही. भिंती बदलून देईल तो. गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये."

"उरलेला माल कुठे आहे?" लॅबताईने विचारलं.

"संपला," मामा म्हणाले. "टाकून दिला."

तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला. पटलं म्हणून नव्हे. आणखी भांडायची ताकद राहिली नव्हती म्हणून.

तीन आठवड्यांनी शाळा सुटल्यावर बसथांब्याकडे जाताना तिला मामांचा टेम्पो दिसला. शाळेच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर नव्या जागेत येणार होतं. दारावर कागदाची फुलं रंगवून झाली होती. मामांचे दोघे कामगार बोर्ड आत नेत होते. ती आत गेली. "मामांच्या भाचेसून ना? या की," त्यातला एक ओळखून म्हणाला. भिंतीला टेकवून पंधरा-वीस बोर्ड उभे होते. तिने एक पुढे ओढला आणि पाठ पाहिली. कोरी. दुसरा पाहिला. कोरा. सगळे पाहिले. एका कोपऱ्यात मुलांच्या गाद्या उंच रचून ठेवल्या होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वीतभर रुंदीच्या उशांसकट.

तिने बाहेर येऊन मामांना फोन केला. "मामा, पाळणाघरातले बोर्ड कुठले आहेत?"

 मामा म्हणाले, "तिथे खिडक्या मोठ्या आहेत गं. हवा खेळती राहते."

"आज काढून न्या."

"शेवटचा लॉट आहे. एवढा एक खपला की पुन्हा नाव काढणार नाही. तू घरातली आहेस म्हणून सांगतो..."

तिने फोन बंद केला.

नवऱ्याला विचारावं का? विचारलं असतं तर तो "बघू" म्हणाला असता. सासूबाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली, पिशवीत तिन्ही बरण्या घातल्या आणि पाळणाघराच्या बाईंकडे गेली. त्या बाईंना वाटलं, ही काहीतरी विकायला आली आहे. लॅबताईने बरण्या ओळीने मांडल्या, काय केलं ते सांगितलं, आणि आपल्या घरी येऊन स्विचबोर्ड उघडून बघा म्हणाली.

"ते कंत्राटदार तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

"मामेसासरे."

बाईंनी तिच्याकडे वर-खाली पाहिलं. "घरात काही भांडण आहे का तुमचं?"

हेही ऐकून घ्यायचं होतं तर. "आहे," ती म्हणाली. "पण पट्टी त्यामुळे काळी पडलेली नाही."

बाई येऊन बघून गेल्या आणि काम थांबलं. मग गोष्ट बाईंच्या तोंडून गावभर झाली. मेकॅनिकची दोन घरं होती, आणखी चार पुढे आली. मामांच्या गोदामासमोर लोक उभे राहायला लागले. दोन महिन्यांत गोदाम बंद झालं. मामांनी कुणाच्यातरी हाताखाली रंगकाम धरलं. शिडीवर उभ्या असलेल्या मामांना भाच्याने एकदा बसमधून पाहिलं आणि घरी येऊन तो जेवला नाही.

सासूबाईंनी ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी बॅग भरली. ओरडल्या नाहीत. फोटोची फ्रेम कपड्यांत गुंडाळली आणि दारात म्हणाल्या, "चार भिंतींबाहेर नको, एवढंच मागितलं होतं तुझ्याकडे." आणि भावाकडे राहायला गेल्या, भिंती बदललेल्या त्या घरात.

इकडे घर उघडं करायचं काम सुरू झालं. नुसता रंग देऊन, भोकं बुजवून भागणार नाही, हे मेकॅनिकने बजावलं होतं. आतला एकूण एक बोर्ड उतरवला, सगळ्या तारा ओढून काढल्या, स्विच बदलले, एसीची नळी बदलली. छताचा सांगाडा पुसून, खिडक्या सताड उघड्या टाकून घर महिनाभर तसंच ठेवलं. तो महिना तिघांनी खांबांमधे पडदे बांधून काढला. मामांची माणसं आली नाहीत. नवरा आणि ती दोघंच सुट्टीच्या दिवशी तोंडाला फडकं बांधून बोर्ड खाली उतरवत. त्यातला एक उतरवताना नवरा म्हणाला, "बाईंकडे जायच्या आधी मला एकदा विचारायला हवं होतंस."

"विचारून काय केलं असतंस?"

त्याने बोर्डाची दुसरी बाजू उचलली. "माहीत नाही. पण विचारायला हवं होतंस."

नव्या भिंती विटांच्या झाल्या. चिमीचा घोळणा फुटायचा थांबला. लॅबताई मुख्याध्यापिकांकडे गेली आणि लॅबमध्ये परत घेता का, असं विचारून आली. त्या चांगल्या होत्या, पण नवा माणूस कायम झाला होता. "तुम्हीच तर नको म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. अर्जावर सही तिचीच होती.

सासूबाईंचा निरोप आला: सून येऊन मामांची माफी मागेल तर त्या परततील.

"दोन शब्द आहेत," नवरा म्हणाला. "काय जातं तुझं?"

"कशाची माफी मागू?"

"कशाचीही. आई परत येईल."

"माझी कुणी मागितली?"

तो चिडून आत निघून गेला. त्या दिवसापासून तो विषय निघाला नाही. दर रविवारी तो चिमीला घेऊन आईला भेटायला जातो आणि संध्याकाळी परत येतो. तिला ये म्हणत नाही. तीही विचारत नाही. दोघं एकमेकांशी नीट बोलतात: गॅस संपत आलाय, चिमीची वही आणायची आहे, उद्या पाणी उशिरा येणार आहे.

मागच्या रविवारी चिमी परत आली ती गाल फुगवूनच. आईच्या मांडीवर येऊन बसली. नवरा आत कपडे बदलत होता.

"आजी म्हणते, मामाआजोबांचं दुकान तू बंद केलंस."

"हो," लॅबताई म्हणाली.

"का?"

"त्यांच्या भिंती वाईट होत्या."

चिमीने थोडा विचार केला. "म्हणजे मामाआजोबा वाईट आहेत?"

आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजायचं थांबलं. नवरा ऐकत होता. लॅबताईला तीन मजले चढून आलेला, पायरीवर टेकलेला घामाघूम माणूस आठवला, आणि फोनवरचं ते "खिडक्या मोठ्या आहेत गं" आठवलं. दोन्ही एकाच माणसाचं होतं. त्याची वाटणी कशी करायची ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"हात धू आधी," ती म्हणाली. "जेवायला वाढते."